सर्व्हर जागा आहे काय?



व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर आमचे नाव आणि त्याखाली हा विषय वाचून काहींना वाटले असेल की छापखान्यात दोन ओळींची अदलाबदल झाली. कामगार संघटनेचा माणूस बोनसवर बोलेल, महागाईभत्त्यावर बोलेल. त्याला संगणकाच्या सर्व्हरशी काय कर्तव्य? शिवाय आमचे शाळेतले शिक्षण नववीपाशीच थांबले. पुढे जे शिकलो ते युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या तोंडून. हा विषयही तसाच शिकलो. पुण्यात आणि नवी मुंबईत संगणकाच्या कंपन्यांत रातपाळी करणारी मुले गेली काही वर्षे आमच्या कचेरीत येतात. त्यांच्या तक्रारी समजून घ्यायच्या तर त्यांचे काम समजून घेणे भाग होते. गिरणीकामगाराची बाजू मांडणाऱ्याला साचा कसा चालतो हे ठाऊक नसेल, तर मालकाचा मॅनेजर त्याला पाच मिनिटांत गप्प बसवतो. तोच नियम येथेही आहे.

विषय वाटतो तितका परकाही नाही. रेशनच्या दुकानात अंगठा लावायला गेलेल्या बाईला, सातबाऱ्याचा उतारा काढायला गेलेल्या शेतकऱ्याला, बँकेच्या खिडकीपुढे उभ्या असलेल्या पेन्शनराला ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे तीन शब्द पाठ झाले आहेत. पूर्वी ‘साहेब जागेवर नाहीत’ असे सांगत. साहेब चहाला गेले असतील तर येतील, एवढी आशा तरी त्यात होती. सर्व्हर कोठे गेला, केव्हा येणार, आणि तो गेला आहे हे पलीकडे कोणाला ठाऊक तरी आहे काय, हे खिडकीतला कारकून सांगू शकत नाही. रोजावर जगणाऱ्या माणसाचा मात्र एक दिवस बुडतो. म्हणून आज आपण एवढाच प्रश्न घेणार आहोत: दूरवर ठेवलेला सर्व्हर चालू आहे की बंद पडला, हे ओळखायचे कसे, आणि ते ओळखण्याचा भार शेवटी कोणाच्या खांद्यावर येतो?

प्रथम शब्द समजून घेऊ. डेटाबेस म्हणजे नोंदवही. कोणाच्या खात्यात किती पैसे, कोणाच्या कार्डावर किती माणसे, कोणत्या गाडीतली कोणती जागा कोणाची, या सर्व नोंदी तीत असतात. पण ही वही कोणीही उठून उघडायची नसते. तिच्यापाशी एक कारकून बसलेला असतो. विचारणाऱ्याची ओळख पटवून घ्यायची, त्याला हवी ती नोंद काढून द्यायची, नवी नोंद क्रमाने लिहायची, आणि एकाच ओळीवर दोघांना एकाच वेळी खाडाखोड करू द्यायची नाही, हे त्याचे काम. हा कारकून म्हणजे डेटाबेस सर्व्हर. तो एक प्रोग्रॅम असतो, आणि तो ज्या यंत्रावर चालतो ते यंत्र ऐरोलीला, रबाळ्याला किंवा अमेरिकेतल्या व्हर्जिनियात एखाद्या थंड खोलीत ठेवलेले असते. त्याच्यावर लक्ष ठेवणारी माणसे त्याच्याजवळ नसतात. ती दूर कोठेतरी पडद्यापुढे असतात.

हा पहारा बाहेरूनच करावा लागतो. ज्या यंत्रावर सर्व्हर चालतो त्याच यंत्रावर त्याचा पहारेकरी बसवला, तर वीज गेली की दोघेही एकदम जातात आणि ओरडायला कोणी उरत नाही. म्हणून दुसऱ्या जागेवरून, ठरलेल्या अंतराने, पहारा करणारा प्रोग्रॅम त्याला हाक मारतो: आहेस काय? सगळी मेख ही हाक कशी मारावी यात आहे. तिच्या चार पायऱ्या आम्ही समजून घेतल्या, त्या सांगतो.

पहिली पायरी यंत्राला हाक मारण्याची. १९८३ च्या डिसेंबरात माइक म्यूस या अमेरिकन गृहस्थाने ‘पिंग’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. सोनार यंत्र पाण्यात ध्वनी सोडते आणि प्रतिध्वनी ऐकते, त्यावरून हे नाव. पिंग दूरच्या यंत्राकडे एक बारीक निरोप धाडतो आणि तोच निरोप परत येतो का ते पाहतो. फार उपयोगी साधन. आजही रोज वापरले जाते. पण त्याला उत्तर देते ते यंत्र. वहीपाशी बसलेला कारकून नव्हे. कारकून मरून पडला असला तरी यंत्र ‘आहे, आहे’ म्हणत राहते. गिरणीच्या गेटावरचा वॉचमन हाकेला ओ देतो, म्हणून आत साचे चालू आहेत असे होत नाही.

दुसरी पायरी दार ठोठावण्याची. प्रत्येक सर्व्हरचे एक ठरलेले दार असते. त्याला पोर्ट म्हणतात. पोस्टग्रेस या डेटाबेसचे दार साधारणतः ५४३२ क्रमांकाचे, मायएसक्यूएलचे ३३०६ क्रमांकाचे. दार उघडले म्हणजे आत कोणीतरी आहे एवढे कळते.

तिसरी पायरी कारकुनाला विचारण्याची. पोस्टग्रेसबरोबर यासाठी एक छोटे हत्यार मिळते. ते चार प्रकारची उत्तरे देते: सर्व्हर ग्राहक घेत आहे, सर्व्हर आहे पण सध्या घेत नाही, उदाहरणार्थ तो नुकताच उठून तयारी करीत आहे, उत्तरच आले नाही, आणि चौथे, आपणच विचारताना चूक केल्यामुळे प्रश्न गेलाच नाही. या चौथ्या उत्तराचे आम्हांला मोठे कौतुक वाटले. किती सभांत, किती वाटाघाटींत हे चौथे उत्तर तिसऱ्याच्या नावावर खपवले जाते! मायएसक्यूएलची गंमत निराळी. त्याच्या हत्याराने हाक मारली आणि सर्व्हरने ‘तुला आत येण्याची परवानगी नाही’ म्हणून हाकलून दिले, तरी ते हत्यार ‘सर्व्हर चालू आहे’ असाच निकाल देते. विचार केला तर ते बरोबरच आहे. हाकलणारा जिवंत असल्याखेरीज हाकलणार कसा?

चौथी पायरी काम करून घेण्याची, आणि खरी परीक्षा येथेच होते. कारकून जागा आहे, बोलतो आहे, पण वहीची पाने संपली आहेत, म्हणजे डिस्क भरली आहे. अशा वेळी जुनी नोंद वाचून दाखवणे त्याला जमेल, नवी लिहिणे जमणार नाही. किंवा त्याच्यापुढच्या सर्व खुर्च्या अडल्या आहेत. पोस्टग्रेसमध्ये कोणी काही बदल केला नसेल तर एका वेळी १०० जोडण्यांची मर्यादा असते, आणि त्यांतल्या ३ मुख्य व्यवस्थापकासाठी राखलेल्या असतात. व्यवस्थापकाच्या नावाने हाक मारणाऱ्या पहारेकऱ्याला राखीव खुर्ची मिळते आणि तो ‘सर्व ठीक’ लिहून जातो. बाहेर सामान्य ग्राहक मात्र ताटकळत असतात. साहेबांची गाडी खड्डा चुकवून जाते म्हणून रस्ता चांगला ठरत नाही. तेव्हा शहाणा पहारा सामान्य ग्राहकासारखा रांगेत उभा राहतो, एका लहान तक्त्यात त्या घटकेची वेळ लिहून घेतो, ती परत वाचतो, आणि हे सारे किती वेळात झाले तेही मोजतो. वहीची नक्कल दुसऱ्या शहरात ठेवलेली असेल तर हीच वेळ तेथे वाचून नक्कल किती मागे पडली आहे हेही कळते.

कामगाराला हा भेद नव्याने शिकवावा लागत नाही. मस्टरवर सही आहे, माणूस पाळीला आहे, साच्यापाशी उभाही आहे. पण कापड निघते आहे काय? हजेरी आणि काम या दोन गोष्टी आहेत. रेशनच्या रांगेतली बाई ‘बंद आहे’ म्हणत असताना मुख्यालयातल्या पडद्यावर हिरवा दिवा तेवत राहू शकतो, तो पहारा पहिल्या पायरीवरच थांबला असल्यामुळे.

येथे एक सावधगिरी सांगून पुढे जातो. पहारेकऱ्याला घराच्या सगळ्या किल्ल्या देऊ नयेत, आणि दुरून पाहता यावे म्हणून वहीचे दार साऱ्या जगाला उघडे टाकू नये. २०१७ च्या जानेवारीत मोंगोडीबी या डेटाबेसची जगभरची हजारो दारे कुलपावाचून उघडी सापडली. चोरांनी आतल्या नोंदी पुसल्या आणि जागोजाग खंडणीच्या चिठ्ठ्या ठेवल्या.

आता दुसरा, अधिक कठीण प्रश्न. हाक मारली आणि उत्तर आले नाही. याचा अर्थ काय? सर्व्हर मेला असेल. सर्व्हर धडधाकट असून मधली तार तुटली असेल. सर्व्हर कामाच्या ओझ्याखाली इतका दबला असेल की ओ द्यायला त्याला उसंत नाही. किंवा उत्तर निघाले आहे आणि वाटेत आहे. दुरून या चारही गोष्टी सारख्याच दिसतात. १९८५ साली फिशर, लिंच आणि पॅटरसन या तीन संशोधकांनी एक प्रसिद्ध सिद्धान्त मांडला. निरोप किती वेळात पोहोचेल याची काहीच हमी नसेल आणि एखादे जरी यंत्र मरू शकत असेल, तर सर्व यंत्रांचे एकमत होईलच अशी खात्रीची पद्धत असू शकत नाही. त्याच्या मुळाशी हीच अडचण आहे: मेलेले यंत्र आणि मंद यंत्र यांतला फरक बाहेरच्याला ओळखता येत नाही.

मग व्यवहारात करतात काय? अंदाजाची एक रेघ ओढतात. दहा दहा सेकंदांनी हाक मारायची आणि लागोपाठ तीन हाकांना उत्तर नसेल तर मेला असे धरायचे. रेघ फार जवळ ओढली तर जिवंताला मेलेला ठरवून नसती धावपळ होते. फार लांब ओढली तर मढे दारात आणि घरच्यांना पत्ता नाही. लिनक्समध्ये निष्क्रिय जोडणी तपासण्याची मूळची मुदत ७२०० सेकंदांची, म्हणजे तब्बल दोन तासांची आहे. तेवढ्यावर विसंबणाऱ्याला बातमी शिळी होऊनच मिळायची.

जिवंताला मेला म्हणण्यात आणखी एक धोका आहे. मुख्य सर्व्हर मेला असे समजून नकलेला मुख्य केले, आणि पहिला प्रत्यक्षात जिवंतच निघाला, तर दोन कारकून दोन वह्यांत निरनिराळ्या नोंदी लिहू लागतात. त्या पुन्हा जुळवणे महाकठीण. यावर उपाय म्हणून जी युक्ती काढली आहे ती ऐकून आम्हांला हसू आले, कारण ती आमच्या घरचीच आहे: गणपूर्ती! तीन पहारेकरी नेमायचे आणि त्यांतल्या दोघांचे एकमत झाल्याखेरीज ठराव करायचा नाही. एकटा पडलेला कितीही ओरडला तरी त्याच्या ओरडण्यावर सर्व्हर बदलायचा नाही.

पण नुसती गणपूर्ती झाली म्हणजे ठराव शहाणपणाचा होतोच असे नाही. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी, आपल्याकडे २२ तारखेच्या पहाटेचे ४ वाजून २२ मिनिटे झाली असताना, गिटहब या कंपनीचे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मुख्य केंद्र एका उपकरणाच्या दुरुस्तीत उरलेल्या जाळ्यापासून तुटले. तार ४३ सेकंदांत पुन्हा जोडली गेली. पण तेवढ्या अवधीत पहारा करणाऱ्या प्रोग्रॅमांनी रीतसर गणपूर्ती करून पश्चिम किनाऱ्यावरच्या सर्व्हरांना मुख्य नेमले होते. पूर्वेच्या वहीत काही सेकंदांच्या अशा नोंदी राहिल्या ज्या पश्चिमेला पोहोचल्या नव्हत्या, आणि पश्चिमेच्या वहीत नव्या नोंदी सुरू झाल्या. घडी पूर्ववत बसवायला २४ तास ११ मिनिटे लागली. ४३ सेकंदांचा अबोला आणि दिवसभराचे भांडण! पुढे त्या कंपनीने असा नेमणुकीचा ठराव किनारा ओलांडून आपोआप होऊ नये, अशी व्यवस्था ठरवली.

आता तिसरा प्रश्न: पहारेकऱ्यावर पहारा कोण करणार? पहारा करणारा प्रोग्रॅमही मरतो, आणि मेल्यावर तोही गप्प बसतो. त्याने ‘बिघाड झाला तरच कळवीन’ असा करार केला असेल, तर त्याच्या मौनाला आपण खुशालीचे पत्र समजतो. ३१ जानेवारी २०१७ ची गिटलॅब कंपनीची हकीकत या बाबतीत वाचण्यासारखी आहे. कंपनीने ती स्वतःच मोकळेपणाने प्रसिद्ध केली. रात्री अकराच्या सुमारास काम थांबवण्याच्या बेतात असलेला एक कामगार, नक्कल बिघडल्यामुळे थांबून राहिला, आणि दुरुस्ती करताना दुय्यम सर्व्हरऐवजी मुख्य सर्व्हरवरच्या नोंदी पुसून बसला. एक-दोन सेकंदांत त्याने हात आवरला, पण सुमारे ३०० गिगाबाइट नोंदी गेल्या होत्या. मग राखीव प्रत काढायला गेले तर प्रतच नाही! रोजची प्रत घेणारा प्रोग्रॅम आवृत्ती न जुळल्यामुळे केव्हापासूनच अपयशी होत होता. तो अपयशाची पत्रे पाठवीत होता, पण ती पत्रे ओळख न पटल्यामुळे दारातूनच परत जात होती. सहा तासांपूर्वी निराळ्याच कामासाठी कोणी हाताने घेतलेली एक प्रत होती, तिने लाज राखली; मधल्या सहा तासांच्या नोंदी कायमच्या गेल्या.

लोकलच्या मोटरमनचा दांडा येथे आठवावा. मोटरमनने तो दाबून धरलेला असतो. त्याला भोवळ आली आणि हात सुटला तर ब्रेक लागतो. म्हणजे ‘मी ठीक आहे’ ही खूण सतत द्यावी लागते, आणि खूण थांबली हीच धोक्याची सूचना समजतात. पहाऱ्याची व्यवस्थाही अशीच हवी. पहारा करणाऱ्या प्रोग्रॅमाने ‘मी जागा आहे’ हे दर मिनिटाला दुसऱ्या ठिकाणी कळवावे, आणि कळवणे थांबले की तेथली घंटा वाजावी. आज मौनाची भीती वाटेल अशी रचना केली, तर उद्या मौनाने घात होत नाही.

बंधुभगिनींनो, इथवर यंत्राची गोष्ट झाली. पण या साऱ्या हाका, पायऱ्या, रेघा आणि गणपूर्ती जेथे संपतात तेथे एक माणूस झोपलेला असतो, आणि त्याच्या उशाशी फोन असतो. उन्हाळ्यात न्यूयॉर्कला दुपारचे बारा वाजतात तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. त्यांची कचेरी सुटते तेव्हा आपल्याकडे पहाटेचे अडीच. त्यांच्या भर बाजारात सर्व्हर अडखळला की हिंजवडीच्या एखाद्या खोलीत फोन किंचाळतो. याला ‘ऑन-कॉल’ म्हणतात. गिरणीच्या दारात रोज उभा राहणारा बदली कामगार आणि हा मुलगा यांत आम्हांला फार अंतर दिसत नाही. एक काम मिळेल म्हणून थांबत होता, दुसरा काम येईल म्हणून थांबतो. थांबण्याचे दाम दोघांनाही नाही.

एका कंपनीतल्या आमच्या एका सभासदाला एकाच रात्री अकरा वेळा घंटेने उठवले. त्यांपैकी नऊ घंटा तो पडदा उघडीपर्यंत आपोआप बंद झाल्या, कारण कोणीतरी रेघ चुकीच्या जागी ओढली होती. सकाळी नऊची बैठक मात्र चुकवायची नव्हती. जादा कामाचे विचारले तेव्हा उत्तर मिळाले की तुम्ही घरीच तर होता. मालकाचा हा युक्तिवाद आपण हसण्यावारी नेऊ नये. त्याला नीट उत्तर दिले पाहिजे.

उत्तर असे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने जादा कामाला दुप्पट दर घालून दिला, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांतही दुप्पट दराचे तत्त्व कायम आहे. पण घरी फोनची वाट पाहत काढलेली रात्र काम की विश्रांती, हे त्यांत उलगडून लिहिलेले नाही. युरोपच्या न्यायालयापुढे हा प्रश्न आला. बेल्जियममधल्या एका अग्निशामक जवानाला घरी असतानाही आठ मिनिटांत ठाण्यावर पोहोचण्याचे बंधन होते. २१ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने त्याचा तो वेळ कामाचा ठरला. २०२१ साली स्लोव्हेनियातल्या दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपण केंद्रावरील तंत्रज्ञाचा दावा आला. त्याला हजर होण्यास एक तासाची मुदत होती. तेव्हा न्यायालयाने कसोटी सांगितली: बंधनामुळे माणसाच्या मोकळ्या वेळावर फारच मोठा अडथळा येत असेल, तर तो सारा वेळ कामाचा, मुदत किती आणि बोलावणे किती वेळा येते, हे त्यासाठी पाहावे. दर किती द्यावा हे त्या न्यायालयाने ठरवले नाही, पण मोजमापाची फूटपट्टी दिली. ती आपणही हाती घेऊ शकतो. ज्याला पाच मिनिटांत पडद्यापुढे बसायचे आहे तो सिनेमाला जाऊ शकत नाही, गावी जाऊ शकत नाही, तापलेल्या मुलाला घेऊन निर्धास्तपणे दवाखान्यात बसू शकत नाही. मग तो घरी आहे याला अर्थ काय?

हा केवळ मजुरीचा प्रश्न नाही हे गिटलॅबच्या त्या रात्रीने दाखवले आहे. थकलेल्या हाताने चुकीच्या यंत्रावर आज्ञा दिली जाते. गूगल कंपनीच्या अभियंत्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, एका बारा तासांच्या पाळीत दोनांपेक्षा अधिक बिघाड एका माणसावर पडू नयेत, आणि एकाच ठिकाणाहून अहोरात्र पहारा करायचा तर किमान आठ माणसे हवीत, असा हिशेब मांडला आहे. हा हिशेब कोणा कामगार पुढाऱ्याचा नाही. मालकांच्याच आघाडीच्या कारखान्यातला आहे. दोन माणसांवर आठांचा पहारा लादणारे तो वाचत नाहीत, एवढेच.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. ऑन-कॉलचे पाळीपत्रक लेखी असावे आणि आधी कळावे. वाट पाहण्याचा भत्ता असावा आणि उठवल्यावर जादा कामाचा दर. रात्री उठवलेल्या माणसाला सकाळी तितकी विश्रांती मिळावी. प्रत्येक घंटेची नोंद राहावी, ती कामगारांनाही पाहता यावी, आणि ज्या घंटेवर काही करायचेच नसते ती बंद करावी. कारण खोट्या घंटांची सवय झालेला कान खऱ्या घंटेलाही कूस बदलतो. आणि बिघाडानंतर चौकशी व्हावी ती व्यवस्थेची. त्या रात्री कळफलकावर ज्याचा हात होता त्याला बळीचा बकरा करून फाइल मिटू नये.

येथे जमलेल्या आपणा सर्वांकडेही एक मागणे आहे. यापुढे खिडकीत ‘सर्व्हर डाऊन आहे’ ऐकले की नुसते परत फिरू नका. केव्हापासून बंद आहे, वर कोणाला कळवले, आणि तक्रारीची नोंद कोठे होते, एवढे तीन प्रश्न शांतपणे विचारा. खिडकीतल्या कारकुनावर संतापू नका. तो बिचारा पहिल्या पायरीवरही नाही. पण बंद असलेल्या तासांचा हिशेब दर महिन्याला दारावर लागावा, असा आग्रह ग्रामसभेत आणि वॉर्डाच्या सभेत धरा. हा हिशेब पहारा करणाऱ्या प्रोग्रॅमांपाशी असतो. तो लोकांपुढे ठेवण्याची इच्छा तेवढी लागते. ती इच्छा आपल्या विचारण्यातून येईल.